धान्याऐवजी रोकड

शेतकऱ्याच्या घरी धान्य विकत आणावे लागते, हे आमच्या आजोबांच्या पिढीस विपरीत वाटले असते. आज जालना जिल्ह्यात ते सर्रास खरे आहे. भोकरदन, अंबड, घनसावंगी, कोठेही जा. खरिपाच्या रानात कापूस व सोयाबीन उभे असते आणि भाकरीचे पीठ बाजारातून येते. कापसाची भाकरी होत नाही, आणि सोयाबीनचा पैसा मोंढ्यातून घरी पोहोचण्यापूर्वीच बियाण्याच्या व खताच्या बाकीत जिरतो. तेव्हा शेतकऱ्यास सरकारी धान्य कशाला, असे जे कित्येक सुशिक्षित गृहस्थ विचारतात, त्यांनी एकवार मोंढ्यातल्या उधारीच्या वह्या चाळून पाहाव्यात.

सरकारास ही गोष्ट कळली नव्हती असे नाही. मराठवाड्याचे आठ जिल्हे, अमरावती विभागाचे पाच व वर्धा अशा 14 जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या आत्महत्या वाढल्या, तेव्हा तेथील केशरी शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांस 2015 सालापासून दरमहा माणशी 5 किलो धान्य, गहू 2 रुपये व तांदूळ 3 रुपये किलो दराने, मिळू लागले. पुढे 2022 साली केंद्राकडून ह्या योजनेपुरते धान्य मिळेनासे झाले. राज्य सरकारने त्यावर उपाय काढला तो असा की, 2023 च्या जानेवारीपासून धान्याऐवजी माणशी 150 रुपये खात्यात जमा करावेत. 2024 साली त्याचे 170 झाले. त्याच 2023 पासून अंत्योदय व प्राधान्य कुटुंबांस धान्य मोफत मिळू लागले. केशरी पत्रिकेचा शेतकरी तेवढा रोकडीचा धनी झाला!

रोकडीचे गुण आम्ही नाकारीत नाही. तीत खडे निघत नाहीत, मापात मारली जात नाही, आणि अंगठा उमटला नाही म्हणून म्हातारीस दुकानातून परतावे लागत नाही. परंतु आमचे वाचक व्यापारी आहेत. त्यांच्यापुढे आम्ही हिशेबच ठेवतो. 2024-25 च्या हंगामात संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलास 3,371 रुपये होता. म्हणजे 5 किलोस 169 रुपये. 170 रुपयांत बरोबर भागले. पुढल्याच हंगामात हमीभाव 3,699 रुपये झाला आणि त्याच 5 किलोस 185 रुपये लागू लागले. घरात पाच माणसे असतील तर महिन्यास 75 रुपयांची तूट. शिवाय खाणाऱ्यास किरकोळीचा भाव द्यावा लागतो, हमीभाव नव्हे. धान्याचे 5 किलो हे महागाईतही 5 किलोच राहतात. रुपयाचे तसे नाही.

शेजारच्या कर्नाटकाने हाच प्रयोग करून पाहिला आहे. जादा तांदूळ मिळेना म्हणून 2023 च्या जुलैपासून तेथे 5 किलोबद्दल माणशी 170 रुपयेच दिले जात होते. तांदूळ मिळू लागताच, 2025 च्या फेब्रुवारीपासून, त्या सरकारने रोकड बंद करून पुन्हा धान्य सुरू केले. आमच्या सरकारास तर केंद्राच्या कोठाराकडे तोंड करून बसण्याचेही कारण नाही. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू-तांदळाबरोबर भरडधान्याचे नाव आहे. ज्वारी हमीभावाने घेऊन स्वस्त धान्य दुकानांतून वाटण्याची वाटही मोकळी आहे. मग जालन्याची ज्वारी जालन्यातच घेऊन जालन्यातच का वाटू नये? ज्वारी गव्हाइतकी टिकत नाही, तिला कीड लवकर लागते, हा आक्षेप खरा आहे. पण जवळ घेऊन लवकर वाटावी असेच तो आक्षेप सांगतो. 1972 च्या दुष्काळात अमेरिकेची तांबडी मिलो ज्यांनी नाइलाजाने खाल्ली, त्यांस घरच्या ज्वारीचे मोल निराळे सांगावयास नको. ज्वारीस खात्रीचे गिऱ्हाईक मिळाले तर तिचा पेरा वाढेल, आणि कडब्याचाही प्रश्न थोडाबहुत सुटेल.

अनुदानास पैसा नाही, हे मात्र आम्हांस कोणी सांगू नये. 2020 साली निघालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत यंत्रसामग्रीच्या खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये, अनुदान ठेवले होते. ते योग्यच होते. डाळमिलवाल्यास हात द्यावा. पण डाळ भरडणाऱ्यास लाखांनी आणि धान्य पिकवून उपाशी राहणाऱ्यास 170 रुपयांनी, हे प्रमाण कोणत्या शहाण्याने ठरविले?

मोंढ्यातील काही मित्रांस सरकारी खरेदीची धास्ती वाटते. संकरित ज्वारी पुष्कळदा हमीभावाच्या खाली जाते, ती त्या दरात न मिळाल्यास धंदा बुडेल, अशी त्यांची समजूत आहे. ह्याच शहरातील बद्रीनारायण बारवाले ह्यांनी संकरित बियाणे गावोगाव पोहोचविले आणि 1998 साली जागतिक अन्न पुरस्कार मिळविला. शेतकरी सुधारला तर व्यापार वाढतो, हे जालन्यास परक्याने शिकवावे लागू नये. खरेदी, सफाई व वाहतूक ह्यांचे काम स्थानिक अडत्यांस व शेतकरी संस्थांस उघड निविदेने द्यावे, म्हणजे ही धास्तीही उरणार नाही.

आमची मागणी एवढीच आहे. जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत ज्वारीची खरेदी केंद्रे सुगीपूर्वी उघडावीत, केशरी पत्रिकेच्या शेतकऱ्यास रोकड अथवा 5 किलो ज्वारी ह्यांतून निवड करू द्यावी, आणि जो रोकड घेईल त्याची रक्कम दरसाल ज्वारीच्या हमीभावाबरोबर वाढवावी. जिल्ह्याच्या आमदारांनी हा प्रश्न विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात मांडावा. कोणी मांडला व कोणी मांडला नाही, ते आम्ही ह्याच स्तंभात छापू.