गोष्ट कोणाच्या मालकीची?

जालंधर येथे जन्मलेले दिग्दर्शक तरसेम सिंग यांचा ‘द फॉल’ हा चित्रपट २००६ साली टोरांटोच्या महोत्सवात प्रथम दाखविला गेला. २०२४ साली तो नव्या, सुधारलेल्या प्रतीच्या रूपाने पुन्हा प्रेक्षकांपुढे आला. वीसहून अधिक देशांत टिपलेली त्यातील दृश्ये आणि एइको इशिओका यांनी योजिलेले वेष डोळे दिपवून टाकतात. परंतु या झगमगाटाखाली श्रमाचा आणि मालकीचा एक प्रश्न दडलेला आहे. त्याकडे लक्ष जावयास हवे.

मूकपटांच्या काळातील लॉस एंजेलिसच्या एका रुग्णालयात दोन पडलेली माणसे भेटतात. रॉय हा चित्रपटात धोक्याच्या उड्या मारणारा. रेल्वेच्या पुलावरील उडीनंतर त्याचे पाय लुळे पडले आहेत. अलेक्झांड्रिया ही परदेशातून आलेल्या मजूर कुटुंबातील चिमुरडी. संत्र्याच्या बागेत पडून तिचा हात मोडला आहे. पडद्यावरील शौर्य नायकाच्या खात्यावर जमा होते आणि संत्रे खाणाऱ्याला ते तोडणारा हात दिसत नाही. पडण्याची किंमत मात्र या दोघांनीच मोजलेली असते.

रॉय तिला एक अद्भुत गोष्ट सांगू लागतो, पण त्यात त्याचा स्वार्थ आहे. जीवनाला विटलेल्या त्याला तिच्याकरवी मॉर्फिन मिळवावयाचे आहे. शब्द रॉयचे असले तरी चित्रे मुलीची आहेत. तो ‘इंडियन’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात अमेरिकेतील आदिवासी असतो. तिच्या डोळ्यांपुढे मात्र बागेत राबणारा भारतीय मजूर उभा राहतो. रुग्णालयात बर्फ पोहोचविणारा माणूस तिच्या मनात दास्यातून मुक्त झालेला योद्धा होतो. तिच्या कल्पनेला कच्चा माल पुरविते ते तिचे कष्टाचे जगच.

पुढे निराशेच्या भरात रॉय एकेक वीर मारू लागतो. मुलगी विरोध करते, तेव्हा गोष्ट आपली आहे असे तो बजावतो. ती आपलीही आहे, असे ती रडत रडत सांगते. चित्रपटाचे सारे मोल या उत्तरात आहे. ज्याच्या अनुभवावर निर्मिती उभी राहते, त्याला तिच्या शेवटाबद्दल बोलण्याचा अधिकार नाकारता येत नाही.

हाच न्याय चित्रपटालाही लावावयास हवा. आभानेरीची चांद बावडी लोकांना पाणी मिळावे म्हणून बांधली गेली. येथे ती केवळ नेपथ्य होऊन राहते. ती खोदणाऱ्या हातांना या गोष्टीत वाटा मिळालेला नाही.

तरीही शेवट मनात घर करतो. बागेत परतलेल्या मुलीला जुन्या मूकपटांतील प्रत्येक धाडसी उडीत रॉयच दिसतो. तिची ही समजूत चुकीची आहे. पण श्रेयनामावलीत ज्यांना कधी जागा मिळाली नाही, त्यांना या चुकीमुळे निदान एक नाव मिळते.