शाळेचा निकाल १०० टक्के, म्हणजे शाळा चांगली? डहाणू-तलासरीच्या पालकांनी माध्यमिक शाळा कशी पारखायची?

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्याच दिवशी व्हॉट्सॲप ग्रुपवर बॅनर फिरायला लागतात. 'यशाची परंपरा कायम', 'शाळेचा निकाल १०० टक्के', खाली पहिल्या तीन मुलांचे फोटो आणि अभिनंदन करणाऱ्या नेत्यांची रांग. नेमक्या याच दिवसांत सातवी-आठवी झालेल्या मुलांचे पालक पुढची शाळा शोधत असतात. हातात माहिती म्हणून तेवढा एकच आकडा असतो.

मुंबई-अहमदाबाद महामार्गालगतचं विवळवेढे महालक्ष्मीच्या मंदिरामुळे दूरवर माहीत आहे. चैत्र पौर्णिमेला सुरू होणारी यात्रा आटोपली की इथल्या आणि आसपासच्या पाड्यांवरच्या घरांत दाखले आणि प्रवेशाची धावपळ सुरू होते. मूल नववीत जाणार की नाही, गेलं तर दहावीपर्यंत टिकणार की नाही, हे अनेकदा याच दोन-तीन आठवड्यांत ठरतं. मग शाळा चांगली की वाईट, हे ओळखायचं कसं?

आठवीनंतर पर्याय कोणते?

शिक्षण हक्क कायदा, २००९ हा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे पहिली ते आठवीपर्यंत आहे. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाची कायदेशीर हमी आठवीला संपते. जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळा तर चौथी-पाचवीला किंवा सातवी-आठवीला थांबतात.

त्यापुढे डहाणू आणि तलासरी तालुक्यांत प्रामुख्याने तीन वाटा आहेत. पहिली, खासगी संस्थांच्या अनुदानित माध्यमिक शाळा. इथे शिक्षकांचा पगार सरकार देतं आणि शाळा संस्था चालवते. दुसरी, आदिवासी विकास विभागाच्या शासकीय आश्रमशाळा, जिथे शिक्षण, राहणं आणि जेवण मोफत असतं. तिसरी, संस्थांनी चालवलेल्या अनुदानित आश्रमशाळा. राज्यात शासकीय आश्रमशाळा सुमारे ५०० आणि अनुदानित त्याहून थोड्या अधिक आहेत. या भागातल्या शासकीय आश्रमशाळांचा कारभार डहाणूच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे आहे.

याशिवाय पालघरजवळच्या माहीमचं जवाहर नवोदय विद्यालय आणि एकलव्य निवासी शाळा आहेत, पण तिथे प्रवेश परीक्षेतून आणि मुख्यतः सहावीत होतो. त्यामुळे हा विचार मूल पाचवीत असतानाच करावा लागतो. नवोदयमध्ये रिकाम्या जागांसाठी नववीलाही परीक्षा होते, हे मात्र अनेकांना माहीत नसतं.

२०११ च्या जनगणनेनुसार तलासरीतले सुमारे ९० टक्के, तर डहाणूतले जवळपास ७० टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. त्यामुळे इथे 'सरकारी माध्यमिक शाळा' म्हटलं की बहुतेक घरांच्या डोळ्यासमोर आश्रमशाळाच येते.

१०० टक्क्यांचं गणित काय सांगतं?

२०२५ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ९४.१० टक्के होता, तर २०२४ मध्ये ९५.८१ टक्के. म्हणजे परीक्षेला बसलेल्या १०० मुलांपैकी ९४-९५ मुलं पास होतातच. बहुतेक विषयांत १०० पैकी २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे, म्हणजे शाळेच्या हातातले असतात आणि उत्तीर्ण व्हायला ३५ टक्के पुरतात. एवढ्या उंच सरासरीत ९६ टक्क्यांची शाळा आणि १०० टक्क्यांची शाळा यांतला फरक फारसं काही सांगत नाही.

खरा प्रश्न आहे तो छेदाचा. निकालाची टक्केवारी परीक्षेला बसलेल्या मुलांवर काढली जाते. मध्येच शाळा सुटलेली मुलं त्यात नसतात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका शाळेत आठवीत ६० मुलं होती. दोन वर्षांनी त्यांतली ४० मुलं दहावीला बसली आणि सगळी पास झाली. बॅनरवर निकाल १०० टक्के. पण आठवीच्या वर्गातून दहावी पार केलेल्यांचं प्रमाण ६७ टक्केच. शेजारच्या शाळेत ६० पैकी ५६ मुलं बसली आणि ५० पास झाली. तिचा निकाल ८९ टक्के, पण ६० पैकी ५० म्हणजे ८३ टक्के मुलं दहावी झाली. बॅनर पहिल्या शाळेचं लागेल, पण जास्त मुलांना दहावीपार नेलं ते दुसऱ्या शाळेने.

या भागात हा फरक मोठा असू शकतो, कारण शाळा सुटण्याची कारणं घरातच असतात. भातकापणी झाली की अनेक कुटुंबं वीटभट्टीवर किंवा बांधकामावर कामाला जातात. मोठी मुलं सोबत जातात, मुली धाकट्या भावंडांना सांभाळतात. दिवाळीनंतर रिकामी झालेली बाकं भरायला शाळा काय करते, यावर तिचा खरा निकाल ठरतो.

म्हणून पहिला प्रश्न: दोन वर्षांपूर्वी आठवीत किती मुलं होती आणि यंदा दहावीला किती बसली? दुसरा प्रश्न: कच्च्या मुलांना शाळेतून परीक्षेला बसवलं, की १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला सांगितलं? तिसरा: सलग तीन-चार वर्षांचे निकाल काय आहेत? दहावीला २० मुलं असतील तर एका मुलाने निकाल ५ टक्क्यांनी हलतो, त्यामुळे एका वर्षावरून मत बनवू नये.

गणित-विज्ञान कोण शिकवतं?

कायद्यानुसार सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक हवा. विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा या तिन्हींसाठी शिक्षक हवेत. नववी-दहावीची पदं संचमान्यतेतून ठरतात. पण मंजूर पद आणि भरलेलं पद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आश्रमशाळांत अनेक वर्षं रोजंदारी आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर काम चाललं. बाह्यस्रोतांतून भरती करण्याच्या निर्णयाविरोधात २०२५ मध्ये याच कर्मचाऱ्यांनी नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड आंदोलन केलं. पालकांच्या दृष्टीने याचा अर्थ साधा आहे. नेमणूक रखडली की वर्गात तास रिकामा जातो. म्हणून 'शिक्षक किती' यापेक्षा 'गणित, विज्ञान आणि इंग्रजीचे शिक्षक कोण, ते कधीपासून आहेत' हे विचारणं जास्त उपयोगाचं.

भाषेचा मुद्दाही आहे. अनेक मुलं घरी वारली किंवा धोडी बोलतात, शाळेत प्रमाण मराठी येते. तलासरीच्या सीमेवर गुजरातीही कानावर असते. मुलांच्या बोलीतून शिकवायला सुरुवात करण्याचा प्रयोग या तालुक्याला नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला तो करून दाखवला. आठवीतल्या मुलाला मराठी परिच्छेद वाचून स्वतःच्या शब्दांत सांगता येतो का, ही चाचणी कोणताही पालक घेऊ शकतो.

निवासी शाळा असेल तर काय बघायचं?

इथे शाळेसोबत घरही निवडलं जात असतं. अधीक्षक आणि अधीक्षिका ही दोन्ही पदं भरलेली आहेत का? मुलींच्या निवासात रात्री महिला कर्मचारी असते का? शौचालय निवासाला लागून आहे की अंधारातून चालत जावं लागतं? पाणी उन्हाळ्यातही पुरतं का? मुलं झोपतात कुठे, पलंगावर की वर्गखोलीतच जमिनीवर?

आजारी मुलाचं काय होतं, हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. आश्रमशाळांमधल्या मुलांच्या मृत्यूंचा अभ्यास करायला राज्यात डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये डहाणू प्रकल्पातल्या अनेक आश्रमशाळांमधली मुलं मध्यवर्ती स्वयंपाकगृहातून आलेल्या जेवणानंतर आजारी पडली. तेव्हा जवळचं आरोग्य केंद्र किती दूर आहे, रात्री गाडी कुठून येते, घरी कोण आणि कधी कळवतं, जेवण कुठे बनतं आणि वाढण्याआधी कोण चाखतं, हे प्रवेशाच्या दिवशीच विचारावं.

सुरक्षेसाठी शाळेत सखी सावित्री समिती आणि तक्रारपेटी असणं अपेक्षित आहे. बदलापूरच्या घटनेनंतर, ऑगस्ट २०२४ मध्ये, सीसीटीव्हीबाबतही सरकारने शाळांना आदेश दिले. पेटी आहे का, हे तर बघावंच. ती कोण उघडतं, हेही विचारावं. मुलांसाठीचा हेल्पलाइन क्रमांक १०९८ मुलांना पाठ आहे का, तेही पाहावं.

माहिती मिळते कुठे?

प्रत्येक शाळेला ११ अंकी यू-डायस क्रमांक असतो. महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ ने सुरू होतो. केंद्र सरकारच्या यू-डायस प्लस संकेतस्थळावर शाळेची पटसंख्या, शिक्षक, खोल्या, शौचालयं, पाणी यांची नोंद पाहता येते. ही माहिती शाळेनेच भरलेली असते, म्हणून मोबाइलवर बघून मग शाळेत जाऊन ताडून पाहावी. 'शाळासिद्धी'सारख्या मूल्यांकनातही शाळा आधी स्वतःच स्वतःला गुण देते. डिसेंबर २०२४ मध्ये झालेलं 'परख' सर्वेक्षण जिल्ह्याचं चित्र दाखवतं, एखाद्या शाळेचं नाही.

शाळेने आकडे दिले नाहीत, तर शासकीय आणि अनुदानित शाळांबाबत माहिती अधिकारात अर्ज करता येतो. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.

विचारायचा अधिकार कोणाला?

डहाणू आणि तलासरी अनुसूचित क्षेत्रात येतात आणि इथे पेसा कायदा, १९९६ लागू आहे. सामाजिक क्षेत्रातल्या संस्था आणि त्यांच्या कर्मचाऱ्यांवर देखरेखीचा अधिकार हा कायदा ग्रामसभेला आणि पंचायतीला देतो. शाळा त्यात येते. शाळा व्यवस्थापन समितीतही कायद्याने ७५ टक्के सदस्य पालक असतात.

एकट्या पालकाने मुख्याध्यापकांना विचारलं तर 'साहेब मीटिंगला गेलेत' असं उत्तर मिळू शकतं. तोच प्रश्न ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहिला गेला, तर त्याला लेखी उत्तर मागता येतं. आठवीत किती होते, दहावीला किती बसले, गणिताचं पद कधीपासून रिकामं आहे: हे तीन आकडे दर जूनमध्ये ग्रामसभेत वाचले गेले, तर पुढच्या वर्षी शाळा निवडताना पालकांच्या हातात बॅनरपेक्षा भरवशाचं काहीतरी असेल.