हुरड्याच्या पुढचं

हुरडा पार्ट्यांचे फोटो फिरू लागले की शहरांना मंगळवेढा आठवतो. इथली मालदांडी ज्वारी काळ्या, भारी रानातल्या ओलीवर पोसते. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्याने काढणी काही सोपी झाली नाही. ताटं मुळासकट उपटायची, तळहाताला फोड येतात, दुपारपर्यंत कंबर धरते. मजूर मिळेना म्हणून कुणी सावड करतं, कुणी सरळ ऊस लावतं. त्यांना दोष कसा द्यावा? पण ज्वारी हटली की कडबाही जातो, मग दावणीची जनावरं बाजार धरतात. एवढा हिशेब हुरड्याच्या कौतुकात कुणी मांडत नाही. म्हणून या अंकात पाककृतींना एकच पान आहे, बाकी सगळी काढणी आणि कडब्याला. खवय्ये रुसतील, रुसू देत.