गोंडी लिपीला कोड मिळाला, मग मोबाइलवर चौकोन का दिसतात?

एटापल्ली किंवा भामरागडचा एखादा पोरगा घरी गोंडीत मेसेज करतो, तेव्हा तो बहुधा देवनागरीत टाइप करतो, नाहीतर इंग्रजी अक्षरांत. गोंडीच्या स्वतःच्या लिपीत पाठवला, तर समोरच्या जुन्या फोनवर नुसते रिकामे चौकोन दिसू शकतात. म्हणजे या लिपीला कोड नाही का? आहे की! आणि एका नाही, दोन लिप्यांना आहे.

मुनशी मंगलसिंग मसराम यांनी १९१८मध्ये बालाघाटकडे तयार केलेली 'मसराम गोंडी' २०१७ला युनिकोडमध्ये आली. दुसरी 'गुंजाला गोंडी' २०१८ला आली. तिची जुनी हस्तलिखितं चंद्रपूरला लागून असलेल्या आदिलाबाद भागातल्या गुंजाला गावात सापडली, त्यावरून तिचं नाव पडलं.

कोड म्हणजे नेमकं काय?

फोनला अक्षर कळत नाही, नंबर कळतो. पण एका अक्षराला एकच नंबर द्यायचा, की त्याच्या तुकड्यांना वेगवेगळे? हे प्रत्येक लिपीत वेगळं ठरतं.

चिनीचं बघा. तिथे झाडाच्या चिन्हाला एक नंबर आहे. तीन झाडं एकत्र काढली की 'घनदाट जंगल' होतं, पण त्याचा नंबर वेगळा. तो तीन झाडांचे नंबर जोडून बनत नाही. शब्दकोशात अक्षरं शोधायला वापरतात त्या २१४ मूळ चिन्हांना मात्र युनिकोडनं आणखी वेगळे नंबर दिलेत. त्यामुळे 'झाड' दोन नंबरांवर आहे. दिसायला एकच, पण कच्च्या सॉफ्टवेअरमध्ये एक शोधलं तर दुसरं सापडत नाही.

आपल्या देवनागरीचं उलट आहे. 'क्ष'ला स्वतःचा नंबर नाही. क, हलन्त आणि ष असे तीन नंबर ओळीनं येतात आणि फॉन्ट त्यांचा 'क्ष' जुळवतो. रफारही तसाच, र आणि हलन्त मिळून.

मसराम गोंडीत क्ष, ज्ञ, त्र यांना एकेक स्वतंत्र नंबर आहे. रफारालाही आहे. म्हणून देवनागरी मजकूर घेऊन 'अक्षराला अक्षर' बदलणारं घाईचं कन्व्हर्टर वापरलं, तर जोडाक्षरं चुकणार. उद्या त्यातून शाळेचं पुस्तक छापलं, तर पोरं चुकीचं लिहायला शिकतील.

मग अडतंय कुठे?

नंबर मिळणं ही पहिली पायरी. त्यानंतर फॉन्ट हवा, कीबोर्ड हवा आणि शोधणारं सॉफ्टवेअर हवं. गूगलच्या नोटो फॉन्टमध्ये दोन्ही लिप्या आहेत, पण तो फॉन्ट तुमच्या फोनच्या सिस्टीममध्येच नसेल तर चौकोनच दिसणार.

दुसरा पेच दोन लिप्यांचा. दोन्हींचे नंबर पूर्ण वेगळे आहेत. एकीत लिहिलेलं नाव दुसरीत शोधून मिळणार नाही. शिवाय देवनागरी आणि तेलुगू लिपीतही गोंडी लिहिली जातेच. २०११च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे ३० लाख लोक होते. पण भाषा आठव्या अनुसूचीत नाही, त्यामुळे सरकारी सॉफ्टवेअरमध्ये ती आपोआप येत नाही.

सप्टेंबर २०२५मध्ये केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयानं 'आदि वाणी' हे भाषांतर ॲप चाचणीसाठी आणलं. सुरुवातीच्या चार भाषांत गोंडी आहे, ही चांगली गोष्ट. पण ती छत्तीसगडची गोंडी. गडचिरोलीच्या माडियाला ती किती लागू पडते, हे तिथल्याच बोलणाऱ्यांनी तपासायला हवं.

ॲप शिकतं ते लोकांनी लिहिलेल्या मजकुरावरून. म्हणून मित्राला गोंडीत मेसेज करणारा पोरगा या भाषेसाठी मोठं काम करतोय. लिपी कुठलीही असो, लिहीत राहा. आणि चौकोन दिसले तर ॲपच्या फीडबॅकमध्ये जाऊन तक्रार टाका. कुणी सांगितलंच नाही, तर कंपनीला ते दिसणार कसे?