हरवल्याची तक्रार ते खुनाचा खटला

३० मार्च १९९४. बंगळूरच्या रिचमंड रोडवरील एका जुन्या बंगल्याच्या मागच्या अंगणातली फरशी पोलिसांनी उखडली. खाली एक मोठी लाकडी पेटी निघाली आणि पेटीत एका स्त्रीचा सांगाडा. ती शाकिरा खलिली. म्हैसूर संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांची ही नात मे १९९१च्या अखेरीपासून कोणालाच दिसली नव्हती. तिचा दुसरा पती मुरली मनोहर मिश्रा ऊर्फ स्वामी श्रद्धानंद विचारणाऱ्यांना दर वेळी निराळे उत्तर देत असे. अखेर १० जून १९९२ रोजी मुलीने अशोकनगर पोलीस ठाण्यात आई बेपत्ता असल्याची तक्रार दिली. तेथून सत्य बाहेर यायला पावणेदोन वर्षे लागली.

बेपत्ता होणे हा गुन्हा नव्हे. सज्ञान व्यक्ती स्वतःच्या मर्जीने घर सोडू शकते. अशा तक्रारीची नोंद घेऊन पोलीस शोध घेतात, पण गुन्ह्याच्या तपासाचे चक्र फिरू लागते ते गुन्हा घडल्याची माहिती पुढे आल्यावरच. म्हणूनच गुन्हा कशाला म्हणायचे आणि तो कोणत्या वर्गात मोडतो, हे सामान्य कुटुंबालाही ठाऊक असायला हवे.

कृती आणि हेतू

बहुतेक गुन्ह्यांना दोन गोष्टी लागतात. एक, कायद्याने मनाई केलेली कृती आणि दुसरी, त्यामागचे दोषी मन. मनात कितीही वाईट विचार आला तरी नुसता विचार हा गुन्हा ठरत नाही. उलट, एकच परिणाम घडूनही हेतूप्रमाणे गुन्हा बदलतो. निष्काळजीपणे गाडी चालवून कोणाचा जीव घेतला तर तो एक गुन्हा आणि ठरवून जीव घेतला तर तो खून. बंगळूरच्या खटल्यात पेटी आधीच बनवून घेतली होती, खड्डाही आधीच खणून घेतला होता. ही पूर्वतयारीच हेतूची साक्ष देत होती.

सिद्ध कोणी करायचे?

आरोपीने आपले निर्दोषत्व सिद्ध करायचे नसते. गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची असते. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, कारण तो दडपणाखाली घेतलेला असू शकतो. मात्र कोठडीतील आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर माहितीचा तेवढाच भाग पुराव्यात घेता येतो. या खटल्यात खून होताना पाहणारा कोणीच नव्हता. परिस्थितिजन्य पुराव्याची एकेक कडी जुळवावी लागली. आरोपीने दाखवलेल्या जागी मृतदेह मिळणे ही त्यातली सर्वांत मोठी कडी. ओळख पटवण्यासाठी कवटी आणि छायाचित्र यांची तुलना झाली, डीएनए तपासणीही झाली.

तीन प्रश्न

कोणत्याही गुन्ह्याबाबत तीन प्रश्न विचारले की त्याचा वर्ग कळतो.

पहिला प्रश्न : पोलीस स्वतःहून हालचाल करू शकतात का? खून, दरोडा, बलात्कार हे गुन्हे दखलपात्र आहेत. त्यांत वॉरंटशिवाय अटक आणि न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करता येतो. साधी मारहाण किंवा बदनामी हे गुन्हे अदखलपात्र. तेथे पोलीस ‘एनसी’ नोंदवतात आणि तक्रारदाराला न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाण्यास सांगतात. पोलिसांनी आपली तक्रार हसण्यावारी नेली, असे पुष्कळदा वाटते. खरे कारण हा वर्ग असू शकते.

दुसरा प्रश्न : जामीन हा हक्क आहे का? जामीनपात्र गुन्ह्यात तो हक्क आहे. अजामीनपात्र याचा अर्थ जामीन कधीच मिळत नाही असा नव्हे. तो द्यायचा की नाही, हे न्यायालय ठरवते.

तिसरा प्रश्न : प्रकरण आपसात मिटवता येते का? काही गुन्हे दोन्ही पक्षांना परस्पर मिटवता येतात, काहींना न्यायालयाची परवानगी लागते. खून मात्र मिटवता येत नाही. तेथे घाव एका घरावर बसला तरी अपराध साऱ्या समाजाचा असतो. म्हणून अशा खटल्यात आरोपीसमोर मृताचे नातेवाईक नव्हे, तर राज्य उभे असते.

या खटल्याने शिक्षेच्या बाबतीतही नवा पायंडा पाडला. सत्र न्यायालयाने २००५ साली फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयात २००७ मध्ये दोन न्यायमूर्तींचे शिक्षेबाबत एकमत झाले नाही. २२ जुलै २००८ रोजी तिघांच्या पीठाने मधला मार्ग काढला : फाशी नाही, पण जन्मठेप आयुष्याच्या अखेरपर्यंत, सुटकेविना. अशी शिक्षा देता येते, यावर २०१५ साली घटनापीठानेही शिक्कामोर्तब केले.

ठाण्यात गेल्यावर

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने आणि फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. खुनाचे कलम ३०२ होते, ते आता १०३ झाले. क्रमांक बदलले तरी वरचे तीन प्रश्न कायम आहेत. कोणता गुन्हा कोणत्या वर्गात येतो, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत दिले आहे.

माहिती दखलपात्र गुन्ह्याची असेल, तर प्रथम खबर नोंदवणे पोलिसांना बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली हे स्पष्ट केले आहे. घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडली म्हणून परत पाठवता येत नाही. ‘झिरो एफआयआर’ नोंदवून ती योग्य ठाण्याकडे धाडावी लागते. खबरीची प्रत फिर्याद देणाऱ्याला विनामूल्य मिळते. नोंद नाकारली, तर माहिती लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवावी. तरीही दाद न मिळाल्यास शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो.

घरातले माणूस नाहीसे झाले, तर तक्रारीत केवळ ‘हरवले’ एवढेच लिहून थांबू नये. शेवटचे कोणाला आणि कधी दिसले, कोणाशी वाद होता, त्यानंतर त्यांच्या नावावरील पैशाचे वा मालमत्तेचे व्यवहार कोणी केले, चौकशी करणाऱ्यांना कोणती परस्परविरोधी उत्तरे मिळाली, हे तारखांसह लिहावे. संशयाला आधार देणारा असा तपशील कागदावर आला, तरच बेपत्ता व्यक्तीच्या नोंदीचे गुन्ह्याच्या तपासात रूपांतर लवकर होऊ शकते.