डॉलरच्या जन्मगावाचा धडा

युरोपीय आयोगाने २५ मार्च २०२५ रोजी धोरणात्मक महत्त्वाच्या ४७ खनिज प्रकल्पांची यादी जाहीर केली. चेक प्रजासत्ताकाच्या उत्तर सीमेवरील सिनोव्हेत्स येथील नियोजित लिथियम खाणीचा त्यात समावेश आहे. विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या बॅटऱ्यांसाठी लागणारा हा धातू चीनवर विसंबून न राहता युरोपातच मिळावा, हा त्यामागील हेतू. कळीच्या खनिजांच्या वार्षिक गरजेपैकी किमान १० टक्के उत्खनन आणि ४० टक्के प्रक्रिया २०३० पर्यंत युरोपीय संघातच व्हावी, असे उद्दिष्ट २०२४ च्या कायद्याने ठरविले आहे. साहजिकच ब्रसेल्स आणि प्राग येथील राज्यकर्ते सिनोव्हेत्सकडे मोठ्या आशेने पाहत आहेत. तथापि, ही खाण ज्या क्रुश्ने होरी डोंगररांगेत होऊ घातली आहे, तिला अशा आशांचा पाचशे वर्षांचा अनुभव आहे. तो समजून घ्यायचा, तर याच रांगेतील याखिमोव या चिमुकल्या गावाकडे वळावे लागते.

कार्लोव्ही व्हारी या प्रसिद्ध आरोग्यनगरीच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटरवर, जर्मनीच्या सीमेलगत एका अरुंद दरीत याखिमोव वसले आहे. जवळच १२४४ मीटर उंचीचे क्लिनोव्हेत्स हे रांगेतील सर्वोच्च शिखर उभे आहे. हवा थंड, हिवाळा लांबलचक आणि शेती जेमतेम. थोडक्यात, जमिनीच्या पोटात चांदी नसती, तर येथे मोठी वस्ती होण्याचे कारणच नव्हते. जर्मन भाषेत तर या रांगेचे नावच 'खनिजांचे डोंगर' असे आहे. आज गावाची लोकसंख्या सुमारे अडीच हजार आहे. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात मात्र येथे १८ हजारांच्या आसपास लोक राहत होते आणि बोहेमियाच्या राज्यात प्रागच्या खालोखाल याच गावाचा क्रम लागत असे.

काउंट श्तेपान श्लिक यांनी १५१६ मध्ये हे गाव वसविले. चांदी इतकी विपुल निघू लागली, की श्लिक घराण्याने तेथेच टांकसाळ उघडली आणि १५२० मध्ये बोहेमियाच्या प्रतिनिधिसभेने तिला मान्यता दिली. गावाच्या 'योआखिम्स्टाल' या जर्मन नावावरून ते वजनदार नाणे 'योआखिम्स्टालर' आणि पुढे नुसतेच 'टालर' म्हणून ओळखले जाऊ लागले. युरोपच्या बाजारपेठांतून फिरता फिरता या शब्दाचा 'डॉलर' झाला आणि अमेरिकेने आपल्या चलनासाठी तोच स्वीकारला. जगातील सर्वांत बलाढ्य चलनाचे नाव असे या दरीतून गेले.

पण नाव जगभर गेले, तरी नाणे गावाच्या हाती राहिले नाही. वेतन आणि हक्कांच्या प्रश्नावर खाणकामगारांनी १५२५ मध्येच उठाव केला होता. त्यानंतर तीनच वर्षांनी हाब्सबुर्ग राजा फर्डिनांड पहिला याने नाणी पाडण्याचा हक्क श्लिक घराण्याकडून काढून घेतला. चांदीवर निर्णयाचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर तेव्हाच मिळाले. शतकाच्या उत्तरार्धात वरच्या थरातील चांदी आटत गेली, अमेरिका खंडातून स्वस्त चांदीचा ओघ सुरू झाला आणि तीस वर्षांच्या युद्धाने उरलेसुरले वैभवही धुळीस मिळविले. मागे उरली ती विद्या. १५२७ ते १५३१ या काळात येथे वैद्यकी करणाऱ्या गेओर्गियुस अग्रिकोला या विद्वानाने खाणींचे बारकाईने निरीक्षण केले. १५५६ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा 'दे रे मेटालिका' हा ग्रंथ पुढे दोन शतके खाणशास्त्राचा आधार मानला गेला.

चांदीसोबत एक काळा, जड दगड निघत असे. खाणकामगारांच्या लेखी तो निरुपयोगी होता. याच जातीच्या खनिजात १७८९ मध्ये मार्टिन क्लापरोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला युरेनियमचा शोध लागला. एकोणिसाव्या शतकात काच आणि चिनी मातीच्या भांड्यांसाठी युरेनियमचे पिवळे रंग तयार करणारा कारखाना याखिमोवमध्ये उभा राहिला. त्या कारखान्यातून बाहेर टाकलेला गाळ ऑस्ट्रियन सरकारच्या परवानगीने पॅरिसला गेला आणि त्यातूनच मेरी व पिएर क्युरी यांनी रेडियम वेगळे केले. १९०६ मध्ये गावात किरणोत्सर्गी पाण्याच्या स्नानाचे आरोग्यकेंद्र सुरू झाले आणि १९१२ मध्ये 'रेडियम पॅलेस' हे आलिशान हॉटेल उघडले. त्याच काळात त्याच खाणींत उतरणारे कामगार मात्र फुफ्फुसाच्या कर्करोगाने मरत होते. दगडाचे दोन्ही गुण एकाच गावात दिसत होते. फक्त ते वाट्याला येणारी माणसे वेगळी होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर या दगडाचे महत्त्व पूर्णपणे पालटले. अणुबॉम्बसाठी युरेनियमच्या शोधात असलेल्या सोव्हिएत संघाने नोव्हेंबर १९४५ मध्ये चेकोस्लोव्हाकियाशी गुप्त करार केला. गावातील बहुसंख्य जर्मनभाषक रहिवाशांची युद्धानंतर हकालपट्टी झाली होती. त्यांच्या जागी आधी युद्धकैदी आणि १९४८ च्या कम्युनिस्ट सत्तांतरानंतर राजकीय कैदी आणले गेले. शिक्षक, धर्मगुरू, शेतकरी, माजी सैनिक, इतकेच काय, जगज्जेत्या आइस हॉकी संघाचे खेळाडूही काटेरी तारांच्या आड युरेनियम खोदू लागले. खाणींची आणि त्यांच्या नावाने चालणाऱ्या छावण्यांची नावे होती 'समता', 'एकोपा' आणि 'बंधुता'! छावण्या १९६१ पर्यंत टिकल्या आणि १९६४ मध्ये युरेनियमचे उत्खनन थांबले. माल सोव्हिएत संघाकडे गेला होता; गावाकडे राहिले मातीचे ढिगारे, पोखरलेले डोंगर आणि आजारी माणसे.

देशातील अन्य ठिकाणचे युरेनियम उत्खननही २०१७ मध्ये संपले. चेक प्रजासत्ताक आपल्या विजेपैकी सुमारे ४० टक्के वीज अणुऊर्जेतून मिळवतो आणि दुकोवानी येथे दोन नव्या अणुभट्ट्या उभारण्याचा करार त्याने जून २०२५ मध्ये दक्षिण कोरियाच्या कंपनीशी केला. परंतु त्या देशाच्या अणुभट्ट्यांचे इंधन आज बाहेरून येते. युनेस्कोने २०१९ मध्ये या डोंगररांगेच्या दोन्ही देशांतील २२ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात याखिमोवचा खाणप्रदेश आहे, तसाच कैद्यांकडून युरेनियमचा चुरा भरून घेतला जात असे, तो 'मृत्यूचा लाल मनोराही' आहे. वैभव आणि यातना या दोहोंची नोंद एकाच यादीत झाली, हे उचितच होय.

सिनोव्हेत्सची परिस्थिती वेगळी आहे, हे मान्य करावे लागेल. तेथील कंपनीत ५१ टक्के वाटा सरकारचे वर्चस्व असलेल्या 'चेझ' या वीज कंपनीचा आहे, कामगार स्वतंत्र आहेत, पर्यावरणाचे कायदे आहेत आणि नागरिकांना आक्षेप नोंदविण्याचा हक्क आहे. १५२८ किंवा १९४५ मध्ये यांपैकी काहीही नव्हते. असे असले, तरी एक साम्य नजरेआड करता येत नाही. तेव्हा निकड व्हिएन्नाची वा मॉस्कोची होती, आज ती ब्रसेल्सची आहे. 'धोरणात्मक' हा शिक्का बसला की परवानग्यांची मुदत आखडते आणि स्थानिकांच्या शंकांना 'अडथळा' ठरविणे सोपे जाते. पाण्याचे काय होणार, अवजड वाहतूक कोणत्या गावातून जाणार, खनिजावर प्रक्रिया कोठे होणार आणि खाण बंद पडल्यावर जमीन पूर्ववत कोण करणार, या प्रश्नांची उत्तरे उत्खननापूर्वी लेखी स्वरूपात मिळणे म्हणूनच अगत्याचे आहे.

याखिमोवची 'एकोपा' ही खाण आजही चालू आहे. चांदी किंवा युरेनियमसाठी नव्हे, तर सुमारे ५०० मीटर खोलीवरून निघणारे रेडॉनयुक्त पाणी वर आणण्यासाठी. सांधेदुखीने त्रस्त असलेले रुग्ण त्यासाठी गावात येतात आणि गावाचा चरितार्थ बऱ्याच अंशी त्यांच्यावर चालतो. पाच शतकांत या दरीतून निघालेल्या संपत्तीपैकी गावाला टिकाऊ आधार दिला तो या पाण्याने, कारण त्याचा उपयोग गावातच होतो. चांदी, रेडियम आणि युरेनियम यांचा लाभ जेथे निर्णय झाले तेथे गेला. लिथियमही त्याच वाटेने जाणार की नाही, हे खाणीच्या खोलीवर नव्हे, तर डोंगरातल्या माणसांना निर्णयात किती स्थान मिळते, यावर ठरेल.