पत्ता हरवलेले कारागीर

तारापूर औद्योगिक वसाहत तारापूर गावात नाही. ती आहे बोईसर स्थानकाच्या परिसरात, कोलवडे, कुंभवली आदी गावांच्या शिवारात. ज्या नावाने जग तिला ओळखते ते गाव तेथून पश्चिमेस समुद्रकाठी आहे, आणि १९६९ पासून त्या नावाला जी प्रसिद्धी लाभली ती अणुवीज केंद्राची. त्यात १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि 'जि. ठाणे' असे छापलेल्या साऱ्या पाट्या व बिलबुके एका दिवसात जुनी झाली. टपाल वाटणाऱ्याचे यामुळे काही अडले नाही. तो माणसे ओळखतो. अडले ते शोधयंत्राचे. गूगलसारखे यंत्र माणसे ओळखत नाही, अक्षरे जुळवते. आणि तारापूर नावाचे एक गाव गुजरातेत आणंद जिल्ह्यात, दुसरे बिहारात मुंगेर जिल्ह्यात आहे, हेही ते जाणते. एकाच कारखान्याचा पत्ता एके ठिकाणी 'तारापूर, जि. ठाणे' आणि दुसरीकडे 'बोईसर, जि. पालघर' असा आढळला, तर ही दोन आस्थापने की एकच, याचा निर्णय यंत्राने कशाच्या आधारे करावा?

मोठ्या रसायन वा पोलाद कारखान्यांना या गोंधळाची फारशी झळ लागत नाही. त्यांचे ग्राहक ठरलेले, विक्री कचेऱ्या मुंबईत. झळ लागते ती चिंचणी-तारापूर पट्ट्यातील डायमेकिंगच्या धंद्याला. पोलादाच्या तुकड्यावर फुलाचे, मण्याचे वा पेंडंटचे खोलगट नक्षीकाम कोरायचे आणि त्यावर धातूचा पत्रा दाबून दागिना उठवायचा, असे हे काम. या डाय ज्या दागिन्यांना रूप देतात ते देशभर विकले जातात. पण कोरणाऱ्याचे नाव त्या वाटेवर कोठेही उमटत नाही. ऑर्डर आणतो दलाल, भाव ठरवतो दलाल, आणि पुढच्या खेपेस काम दुसऱ्या कारागिराकडे नेण्याचे स्वातंत्र्यही त्याचेच.

दलालाला शिव्या देऊन भागत नाही. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी १९६१ साली दाखवून दिले की, विक्रेता हुडकून काढणे यालाही खर्च येतो. तो कोणी तरी सोसतो आणि त्याचा मोबदला घेतो. राजकोटच्या व्यापाऱ्याला चिंचणीचा कारागीर सापडत नाही, म्हणून दलाल असतो. संकेतस्थळाचे सारे महत्त्व येथे आहे. शोधण्याचा खर्च कमी झाला, की दलालाचा वाटा कमी होण्याची निदान शक्यता निर्माण होते.

परंतु संकेतस्थळ काढले म्हणजे ते सापडेल, ही समजूत भाबडी आहे. अनेक छोट्या उद्योगांच्या संकेतस्थळांवर 'दर्जा हेच आमचे ध्येय' अशा छापाची चार वाक्ये आणि हसतमुख परदेशी माणसांची विकतची छायाचित्रे असतात. कोणत्या पोलादाची डाय, किती मापाची, किती दिवसांत, किमान किती नग, यांतले काहीच नसते. ग्राहक शोधपेटीत ध्येय टाकत नाही. तो 'मंगळसूत्र वाटी डाय' असे काही तरी टाकतो. आणि तो 'डाय'च म्हणेल असेही नाही. कोणी 'डाई' म्हणेल, कोणी 'साचा', कोणी 'ठसा'; कोणी गुजरातीत विचारेल, कोणी हिंदीत. हे शब्द पानावर, पानाच्या मथळ्यात आणि छायाचित्राखालच्या ओळीत सहजपणे आले नाहीत, तर यंत्राने ते पान कोणाला दाखवायचे? उलट तोच शब्द पन्नास वेळा कोंबला, तर यंत्र ती लबाडी ओळखते. ज्यांचा सारा माल व्हॉट्सॲपच्या गटांत फिरतो त्यांची गोष्टच वेगळी. बंद गटातला माल शोधयंत्राला दिसतच नाही.

दुसरी बाब शिफारशीची. स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज व सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी १९९८ साली मांडलेली कल्पना अशी की, ज्या पानाचा दुवा इतर मान्यवर पाने देतात ते पान अधिक विश्वासाचे मानावे. प्रबंधांच्या संदर्भसूचीशी परिचय असलेल्या प्राध्यापकांना ही युक्ती ओळखीची वाटेल. आता क्रम ठरवताना इतर अनेक गोष्टी पाहिल्या जात असल्या, तरी दुव्याचे मोल संपलेले नाही. उद्योजकांच्या संघटनेने सभासदांची नुसती नावे छापणे आणि प्रत्येक नावापुढे उत्पादन लिहून त्याच्या पानाचा दुवा देणे, यांत म्हणूनच मोठा फरक आहे. आणि त्यासाठी खर्च जवळपास नाही.

खर्च होतो तो भलतीकडेच. 'तीन महिन्यांत पहिल्या पानावर, हमी' असे सांगणारे दूरध्वनी छोट्या उद्योजकांना नित्य येतात. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे खुद्द गूगलच सांगते. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी जे लिहिले ते या धंद्याला तंतोतंत लागू पडते. मालाचा कस घेणाऱ्याला कळत नाही, म्हणून चांगला व वाईट यांना एकच भाव मिळतो आणि हळूहळू चांगला बाजारातून उठतो. कारागिराने निदान एक गोष्ट पाहावी: संकेतस्थळाच्या नावाची नोंदणी स्वतःच्या नावे आहे की ते बांधून देणाऱ्याच्या. दुसऱ्याच्या नावे असेल, तर दलाल बदलला, इतकेच.

यंत्राचा मालकही काही धर्मादाय संस्था नव्हे. शोधाच्या निकालात पक्षपात केल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये गूगलला सुमारे १३६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. व्यवसायाच्या नोंदीसोबत गूगल फुकट देत असलेली छोटी संकेतस्थळे मार्च २०२४ मध्ये बंद करण्यात आली. ज्यांनी तेवढ्यावरच भिस्त ठेवली होती त्यांचे दुकान दुसऱ्याच्या ओसरीवर होते, हे त्यांना तेव्हा उमगले. नकाशावरील नोंद मात्र आजही विनामूल्य आहे आणि ती अवश्य करावी, परंतु स्वतःच्या पानाला जोडून. अलीकडे निकालांच्या माथ्यावर यंत्राने रचलेले आयते उत्तर येऊ लागल्याने भेट देणारे घटल्याची तक्रार ऐकू येते. ती खरी आहे. पण डाय कशी बनते या प्रश्नाचे उत्तर यंत्र देईल, डाय बनवून देणार नाही.

कारागिरांची खरी भीती वेगळीच असते, आणि तिला मोडीत काढणे योग्य नाही. नक्षी सर्वांपुढे मांडली की ती आठवड्यात दुसऱ्याच्या पोलादावर उतरते. २००० सालच्या डिझाइन कायद्याने नक्षीला प्रथम दहा व पुढे पाच वर्षे संरक्षण मिळू शकते. मात्र नोंदणीच्या अर्जापूर्वी ती सार्वजनिक केलेली नसावी. म्हणजे उत्साहाने छायाचित्र आधी टाकणारा स्वतःचाच हक्क गमावतो. जुन्या, सर्वपरिचित नक्षी पानावर मांडाव्यात, नव्या नोंदणीनंतर. आणि कौशल्याची साक्ष म्हणून कोरीवकामाची बारकाई दाखवावी.

हे सारे मराठीत, हिंदीत आणि गुजरातीत लिहून कोण देणार? पालघरच्या दांडेकर महाविद्यालयात वाणिज्य शिकणारी कितीतरी मुले याच गावांतून येतात. त्यांना दर वर्षी प्रकल्प लिहावे लागतात. त्यांतले बरेचसे बांधणी होऊन कपाटात जातात. एका विद्यार्थ्याने एका कारागिराशेजारी चार दुपारी बसून त्याचा माल, मापे, मुदती आणि गिऱ्हाइकांचे नेहमीचे प्रश्न टिपून घेतले, तर त्यातून त्या उद्योगाचे पान तयार होईल आणि प्रकल्पही. पत्ता तेवढा सर्वत्र एकसारखा लिहावा: गाव, तालुका आणि जि. पालघर.